ठेवणीतली ऊब

जपानमधल्या सेंदाईतल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात एका म्हाताऱ्या इंग्रजाने मला 'नेश' ठरवलं. तो विद्यापीठात इंग्रजी शिकवायचा, मी त्याच इमारतीतल्या प्रयोगशाळेत काम करायचे. दोन स्वेटर, कोट, मफलर घालूनही मी बसस्टॉपवर कुडकुडत उभी होते. तो हसून म्हणाला, "यू आर नेश!"

मला राग आला. शिवीच वाटली. मग बस येईपर्यंत त्याने समजावलं. ज्याला जराही थंडी सोसत नाही, तो नेश. त्याच्या गावाकडचा, इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यातला बोलीशब्द. फार जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता 'मऊ' असा होता, पुढे 'नाजूक' झाला आणि शेवटी हा टोमणा उरला. लहानपणी त्याची आई त्याला तसं म्हणायची.

रविवारी पुण्याला फोन करून तो शब्द मी आईला बहाल केला. ती डिसेंबरात भरदुपारी कानाला मफलर बांधून बसणारी.

"म्हणजे मऊच ना? मग चालेल," ती म्हणाली.

सेंदाईला ये म्हटलं की मात्र तिचं ठरलेलं, "येईन गं. थंडीची काहीतरी सोय झाली की येईन."

मला ती टाळाटाळ वाटायची. मग सोयही मीच केली. इथे काइरो मिळतात, बनियनवर चिकटवायच्या, आपोआप गरम होणाऱ्या पुड्या. पुण्याला निघालेल्या मैत्रिणीबरोबर दोन खोकी पाठवली. दर हिवाळ्यात विचारायचे, "वापरल्यास का?"

"नीट ठेवल्यात."

परदेशातून आलेली वस्तू आमच्याकडे कपाटातच मुरते, हे ठाऊक असूनही मी चिडले. "अगं, मुदत संपेल! लोणचं घालणार आहेस का त्यांचं?"

तिने विषय बदलला.

गेल्या वर्षी ती गेली. तिचं कपाट मी आवरलं. खालच्या कप्प्यात एक पिशवी होती. नवे लोकरी मोजे, तिने स्वतः विणलेली कानटोपी, न फोडलेली दोन्ही खोकी आणि तिचा नवाकोरा पासपोर्ट. तो तिने कधी काढला, मला पत्ताच नव्हता.

मी पिशवी घेऊन सेंदाईला परतले. जानेवारीत एक पुडी फोडून बनियनवर चिकटवली. मुदत केव्हाच उलटली होती, तरी ती जराशी कोमट झाली. बसस्टॉपवर मला रडू आवरेना. आईची सगळी तयारी झाली होती. एकदा जाऊन तिला घेऊन यायचं, एवढंच काम माझ्याकडे होतं.