सासऱ्यांची टाच आणि आत्यांच्या पेशी

नाशकात ज्याला कधी खरचटलं आहे आणि तरीही ज्याची खपली माझ्या बायकोच्या आत्यांच्या नजरेतून सुटली आहे, असा माणूस मला अजून भेटायचा आहे. आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण त्यांचं शिकवणं काही निवृत्त झालं नाही. समोरच्याचा चेहरा बघायच्या आधी त्या त्याची कोपरं आणि गुडघे बघतात. घोटीला एका लग्नात नवरदेव गाडीवरून पडल्याचं कानावर आलं मात्र, अंतरपाट धरायच्या आधी आत्यांनी त्याला शेरवानीची बाही वर करायला लावली. भटजी खोळंबले, मुलीचा मामा घड्याळ दाखवू लागला. आत्या चष्मा सावरत म्हणाल्या, "लाल झालंय, सुजलंय. छान! म्हणजे पांढऱ्या पेशी कामावर हजर आहेत. लावा आता लग्न." पुवाला कुणी घाण म्हटलेलं त्यांना खपत नाही. "लढून मेलेल्या पेशी आहेत त्या, जरा मान राखा," असं त्या भर पंगतीत सांगतात, आणि लोक श्रीखंडाची वाटी बाजूला सारतात.

आमचं हे हसणं थांबलं ते सासऱ्यांच्या टाचेला जखम झाली तेव्हा. सासरे म्हणजे आत्यांचे थोरले भाऊ. सगळी नोकरी अंबडच्या कारखान्यात झालेली, मधुमेह जुना आणि राग त्याहून जुना. बुटात खडा होता, तो दिवसभर टोचत राहिला तरी बधिर टाचेला कळलंच नाही. जखम काही केल्या भरेना. अशीच चिघळत राहिली तर पाय वाचवणं कठीण आहे, असं सर्जननी स्पष्ट सांगितलं. सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "कापायचाच आहे, तर मलमं कशाला चोपडताय?"

त्याच संध्याकाळी आत्या बॅग घेऊन राहायलाच आल्या. पलंगाजवळ खुर्ची ओढून बसल्या.

"दादा, जखमेत भक्षक पेशी येतात. आधी त्या जंतूंशी भांडतात. मग त्यांनी शांत होऊन डागडुजीला लागायचं असतं. पण रक्तात साखर वाढलेली असली की त्या नुसत्या भांडतच राहतात. अगदी तुझ्यासारख्या."

"मी कुठं भांडतो?" सासरे गरजले.

"बघा!" आत्या आमच्याकडे वळून म्हणाल्या.

जखम साफ करणं आणि इन्शुलिन ठरवणं डॉक्टरांकडे. बाकीचं राज्य आत्यांचं. टाच जमिनीला टेकवायची नाही म्हणजे नाही. मिसळीबरोबर चोरून आणलेली जिलबी त्यांनी उशीच्या अभ्र्यातून पाकासकट जप्त केली. दवाखान्यात ड्रेसिंगच्या वेळी त्या सर्जनच्या खांद्यावरून इतक्या वाकायच्या, की शेवटी ते बिचारे म्हणाले, "मॅडम, थोडा उजेड तरी येऊ द्या."

आणि एके सकाळी पट्टी सुटली, तर जखमेच्या तळाशी लालचुटूक, दाणेदार मांस! "आल्या! डागडुजीला आल्या!" आत्या टाळ्या पिटत बाहेर धावल्या. कोण मोठं आलंय म्हणून बाकावरचे दोन पेशंट उठून उभे राहिले.

मग कडेकडेनं नवी कातडी सरकत आली आणि जखम मिटली. सासरे स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत चालत गेले, तर गल्लीत ढोल! पथकातली पोरं आत्यांनीच बोलावली होती आणि पदर खोचून त्या स्वतः सर्वांत पुढे नाचत होत्या. "एवढा तमाशा कशाला?" सासरे ओरडले, आणि ओरडता ओरडता त्यांना हसू फुटलं. फाटकाला धरून ते कितीतरी वेळ हसत होते.

आत्यांची नजर आता अधू झाली आहे. यंदा भाऊबिजेला ओवाळून झाल्यावर सासऱ्यांनी मोजा काढला आणि पाय त्यांच्यापुढे केला. आत्यांनी टाचेवरून सावकाश बोट फिरवलं.

"इथली कातडी पहिल्यासारखी भक्कम कधीच व्हायची नाही, दादा. जपून चाल."

"चालतो," सासरे हळूच म्हणाले. मग बहिणीचा हात धरून, तिच्या चालीनं चालत, ते तिला ताटं मांडली होती तिथं घेऊन गेले.