बाबांची डाव्या पायाची चप्पल

मी जर्मनीला निघालो तेव्हा आपलं अर्धं कुही गाव नागपूर स्टेशनावर आलं होतं. उरलेलं अर्धं वाटेत बैलगाड्यांत अडकलं, नाहीतर तेही आलं असतं. बरं, तुम्ही गाववाले अकराच जण होतात. पण मे महिना होता आणि फलाट असा तापला होता, की आईनं पोळ्या बांधून आणल्या नसत्या तर तिथेच भाजता आल्या असत्या.

गाडी लागली, रेटारेटी झाली, आणि आई ओरडली, "अवो, तुमची डाव्या पायाची चप्पल कुठं हाय?"

बाबांनी खाली पाहिलं. "आँ? आत्ताच तं होती."

मग तसेच उभे राहिले, एक पाय उघडा, गार्डाची शिट्टी होईपर्यंत. मी खिडकीतून विचारलं, "बाबा, चटके नाई बसून राहिले का?"

"मले काई नाई वाटून राहिलं गा. तू जाय."

सगळे हसले. मी सर्वांत मोठ्यानं.

जर्मनीतल्या प्रयोगशाळेत माझ्या वाट्याला आलं ते तळपायाची संवेदना मोजणारं यंत्र: एक थरथरणारा दांडा आणि एक डायल. दांडा तळव्याला टेकवायचा, डायल हळूहळू वाढवायची, माणूस "लागलं" म्हणाला की आकडा लिहायचा. साखरेच्या आजारात पाय बधिर होतात आणि माणसाला पत्ता लागत नाही, अशांसाठी. पत्रांत मात्र मी तुम्हाला कळवायचो, की मी बटण दाबल्याशिवाय जर्मनीत सूर्य उगवत नाही. आईनं एकदा लिहिलं, बाबांच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नाही. मी उत्तर पाठवलं, हळद लावा.

एका जेवणाच्या सुट्टीत मी बाबांची गोष्ट रंगवली. तोवर फलाटाचे निखारे झाले होते आणि बाबा त्यांवर तासभर चालले होते. सगळे टेबल बडवत हसले. आमच्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. एवढंच विचारलं, "चप्पल सुटल्याचं त्यांना कळलं होतं का?"

आमच्या रुग्णांच्या फॉर्मवरचा तो पहिला प्रश्न होता. मीच टाईप केलेला.

यंत्र घेऊन कुहीला पोचलो तेव्हा डावा अंगठा कापून झाला होता. बाबांना खाटेवर आडवं केलं, डोळे मिटायला सांगितलं. उजव्या पायाला डायल निम्म्यावर आली आणि ते म्हणाले, "लागलं." डाव्याला शेवटच्या आकड्यापर्यंत नेली. काहीच नाही. मी यंत्र बंद केलं. दांडा तेवढा तळव्याला टेकलेला राहिला.

बाबांनी एक डोळा उघडून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"हां, लागलं," म्हणाले. "मस्त लागून राहिलं गा. लय भारी मशीन बनवलं तुनं."

मी डाव्या पायाचा रकाना कोरा ठेवला. मला रडू आलं नाही, काहीच आलं नाही. परतताना खाटेशेजारी एक आरसा ठेवला. रोज संध्याकाळी बाबा त्यात तळवा बघतात, नवी जखम नाही ना म्हणून; आई कंदील धरते. उरलेला पाय अजून शाबूत आहे.

इथे जर्मनीत लोक विचारतात, घरची आठवण येते का? मी म्हणतो, काही वाटत नाही. आणि मग खाली वाकून बघतो, दोन्ही बूट पायात आहेत ना.