नॉर्वेचा इतिहास, मुक्काम फुनाबोरी

नारिता विमानतळावर कस्टमच्या माणसाने माझी गोड्या मसाल्याची पिशवी हुंगली आणि "मेडिसिन?" असं विचारलं. मी गंभीरपणे मान डोलावली. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे, त्यामुळे अर्धसत्य सांगताना चेहरा कसा ठेवायचा हे मला जमतं.

बाहेर माझी मुलगी मुक्ता उभी होती. ती, जावई आणि नात फुनाबोरीला राहतात. टोकियोच्या या पूर्वेकडच्या भागात आपली इतकी माणसं आहेत की संध्याकाळी जिन्यात फोडणीचा वास येतो आणि एखादा जपानी म्हातारा थांबून हलकेच शिंकतो. शिंकल्यावर तोच माफी मागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कचऱ्याचं शिक्षण मिळालं. इमारतीच्या कान्रीनिन-सानांनी (इमारतीची व्यवस्था पाहणारे गृहस्थ) जळाऊ कचरा कुठला, प्लास्टिक कुठलं, बाटल्यांचा वार कोणता, हे सगळं चित्रं दाखवून समजावलं. मी दुधाचं खोकं न धुता टाकायला निघाले होते, तेही त्यांनी अदबीने माझ्या हातात परत दिलं. शेवटी त्यांनी मुक्ताला काहीतरी विचारलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काय म्हणाले गं?"

"आई, ते विचारतायत, यात पवित्र कचरा नाही ना."

मग सगळं रामायण बाहेर आलं. इथल्या मराठी मंडळात दोन गट आहेत, फुनाबोरीचा आणि हिगाशी-कसाईचा. मध्ये सायकलवर वीस मिनिटांचं अंतर. मुक्ता मंडळाची चिटणीस. हिगाशी-कसाईची गौरी तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी जपानला आल्या, एकीच्या बाळंतपणात दुसरीने डिंकाचे लाडू वळले. गेल्या वर्षी मंडळाचा गणपती मुक्ताच्या इमारतीत बसला होता, आणि तिथलं निर्माल्य जळाऊ कचऱ्यात टाकायला गौरीचं मन धजेना. तिने ते वेगळ्या पिशवीत भरलं, पिशवीवर जपानीत लिहिलं, "हे पवित्र आहे, कचरा समजू नये", आणि पिशवी मुक्ताच्या इमारतीच्या कचऱ्याच्या जागी ठेवून दिली. कचरा नेणारी माणसं आज्ञाधारक. त्यांनी तो कचरा समजला नाही. लाल चिठ्ठी चिकटवून पिशवी तिथेच सोडली. तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी ती फोडली आणि रस्ताभर झेंडू पसरला.

कान्रीनिन-सानांची बोलणी मुक्ताने खाल्ली. तिनेही मग मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "काही सभासदांना श्रद्धा आणि कचरा यांतला फरक कळत नाही." आता 'काही सभासद' म्हणजे कोण हे समजायला कोणाला पंचांग बघावं लागलं नाही. त्या दिवसापासून दोघी बोलत नव्हत्या, आणि हिगाशी-कसाईकर वेगळं मंडळ मागत होते.

"मंडळ फुटलं ना आई, तर गौरी कायमची गेली," मुक्ता म्हणाली. "निदान मीटिंगला तरी समोर दिसते."

महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम आठवड्यावर आला होता आणि पाहुण्या वक्त्या म्हणून माझं नाव ठरलं होतं. विषयावरून मात्र घोडं अडलं होतं. पेशवाई म्हटली की एक गट उठायचा, कोकण म्हटलं की दुसरा. शेवटी मंडळाच्या फोनवरच्या मीटिंगमध्ये मुक्ता वैतागून म्हणाली, "ज्याच्याशी कोणाचंच देणंघेणं नाही असा देश घ्या." त्या वेळी तिने फ्रीज उघडला होता आणि हातात बांगड्याचं पाकीट होतं. इथे बाजारात मिळणारा बराचसा बांगडा नॉर्वेहून येतो. अशा रीतीने 'नॉर्वेच्या जनतेच्या इतिहासातील महत्त्वाची वळणे' हा विषय सर्वानुमते मंजूर झाला. त्या मंडळात कित्येक महिन्यांनी काहीतरी सर्वानुमते झालं होतं.

मला नॉर्वेबद्दल त्या क्षणी बांगड्याइतकीच माहिती होती. पण शिक्षिकेला 'मला येत नाही' म्हणायची सवय नसते. दिवसा नातीच्या संगणकावर वाचन आणि जेवायला त्याच बांगड्याचं तिखलं. मासा अंमळ तेलकट, पण त्रिफळं घातल्यावर आपल्यात मिसळला. नातीला विचारलं, "कसं झालंय गं?" तर म्हणाली, "ओइशी." त्याचा अर्थ 'चवदार', हे मला तिचं रिकामं ताट बघून कळलं.

वॉर्डाच्या छोट्या हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. डावीकडे फुनाबोरी, उजवीकडे हिगाशी-कसाई, मधली वाट रिकामी. लग्नातसुद्धा वरपक्ष आणि वधूपक्ष इतके शिस्तीत बसत नाहीत.

मी व्हायकिंगांपासून सुरुवात केली. पावसाळा संपला की आपले लोक मोहिमेवर निघत, तसे हे उन्हाळ्यात जहाजं काढून निघायचे आणि परक्या किनाऱ्यांवर हात मारून यायचे. पुढे एका राजाने तलवारीच्या जोरावर ख्रिस्ती धर्म आणला. जिवंतपणी लोकांनी त्याला लढाईत मारलं आणि मेल्यावर संत केलं. इथे दोन्ही बाजू हसल्या. मग प्लेग आला, निम्म्याच्या आसपास माणसं गेली असं म्हणतात, देश खिळखिळा झाला आणि पुढची चारेकशे वर्षं डेन्मार्कच्या छायेत राहिला. १८१४ साली डेन्मार्क युद्धात हरला आणि नॉर्वे स्वीडनला देऊन टाकला. नॉर्वेच्या लोकांना कोणी विचारलंच नाही. त्यांनी घाईघाईने जमून स्वतःची राज्यघटना लिहिली. राजा स्वीडनचा पत्करावा लागला, पण घटना सोडली नाही.

उजव्या बाजूला कोणीतरी म्हणालं, "घटना आमच्याकडेपण तयार आहे."

डावीकडून एक गृहस्थ उठले. "काकू, स्वीडन म्हणजे आम्ही का?"

मी म्हटलं, "अहो, मी बांगड्याच्या देशाबद्दल बोलतेय."

पण गाडी उताराला लागली होती. पुढचं वळण १९०५चं. नॉर्वेला परदेशात स्वतःचे वेगळे वाणिज्य दूत हवे होते आणि स्वीडनचा राजा ते देईना. एवढ्याशा गोष्टीवरून एकत्र संसार मोडला. लोकांचं मत घेतलं, तर वेगळं होण्याच्या विरोधात अख्ख्या देशात दोनशेसुद्धा मतं पडली नाहीत. आणि गोळी एकही सुटली नाही.

मग गौरी उभी राहिली. शांतपणे म्हणाली, "काकू, आत्ताच मतं घेऊया?"

जर्मनांनी नॉर्वे घेतला तो काळ, समुद्राखालचं तेल, युरोपच्या संघाला दोनदा दिलेला नकार, हे सगळं माझ्या वहीतच राहिलं. हात वर झाले. चिटणीस म्हणून मोजायचं काम मुक्ताकडे. तिने एकेक हात मोजला, आकडा कागदावर लिहिला आणि कागद माझ्याकडे न बघता टेबलावर ठेवला. मंडळ वेगळं झालं होतं. जो दिवसच मुळी दोन राज्यं वेगळी झाल्याचा, त्या दिवशी दुसरं काय होणार, असं मी घरी जाताना म्हणून पाहिलं. मुक्ता हसली नाही. मला फार वाईट वाटलं. पोरीची एकुलती एक मैत्रीण मी नॉर्वेच्या नावाखाली घालवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सायकल थांबली. गौरी. हातात यादी.

"सामानाची वाटणी करायला आलेय," ती मुक्ताकडे न बघता मला म्हणाली. "समई तुम्हाला, ढोलकी आम्हाला. झांजा सहा आहेत, तीन-तीन."

"मोठं तबक?" मुक्ताने यादीकडे बघत विचारलं.

"तू ठेव. तूच आणलेलं पुण्याहून."

"मग मोदकाचे साचे तू घे."

मी चहा ठेवायला आत गेले आणि मुद्दाम चहा उकळू दिला. बाहेरून गौरीचा आवाज आला, "आणि निर्माल्य यंदा आमच्याच बिल्डिंगसमोर ठेवू. आमचे कावळे जरा देवभोळे आहेत."

मग मुक्ता हसली ती हसतच सुटली, आणि मध्येच रडायला लागली. मी दुधाची पिशवी शोधत असल्याचं नाटक चालू ठेवलं. जपानात दूध पिशवीत मिळत नाही.

परत निघाले त्या दिवशी दोघी मला विमानतळावर सोडायला आल्या. एकाच मंडळात असताना कित्येक महिने एकमेकींशी न बोललेल्या या दोघी. वाटणी झाली आणि भांडायला सामाईक काही उरलं नाही, म्हणून बोलायला जागा झाली. इतिहासाच्या तासाला हे मी कधी शिकवलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं.

तपासणीच्या रांगेतून मी मागे वळून हात हलवला. दोघी कसल्याशा गप्पांत इतक्या रंगल्या होत्या की एकीनेही पाहिलं नाही. मी आणखी दोनदा हलवला. मग समाधानाने हात खाली घेतला आणि पुढे सरकले.