थरथरणारी हवेची टाकी

मावशीचं नाव लिहू नको असं तिनंच सांगितलंय, म्हणून नुसतं मावशी म्हणतो. नात्याची कुणी नाही. लातुरात जिच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत मी भाड्यानं राहिलो आणि तिथंच कामही केलं, ती घरमालकीण. आज माझ्या हाताला जे काम आहे ते तिच्यामुळं आहे. ती त्या दिवसांत भिंतीला हात लावून बसली नसती, तर मी केव्हाच पिशवी उचलून माझ्या गावी, इस्लापूरला, परत गेलो असतो.

शाळा मी आठवीतच सोडली होती. परत गेलो तर लोक काय म्हणतील, ह्या धास्तीनंच लातुरात टिकून होतो. तेव्हा शहरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. गल्लोगल्ली पोरं राहायला येत होती आणि त्यांच्यासाठी लोखंडी कॉट, अभ्यासाची टेबलं बनत होती. ती घासून रंगवायचं काम मी घेत असे. ब्रशनं रंगवलेल्याला कुणी विचारीना, फवाऱ्याचा रंग पाहिजे. म्हणून मी एक जुना कॉम्प्रेसर आणला. खाली हवेची टाकी, वर मोटार आणि पट्ट्यावर फिरणारा पंप.

आवाज होऊ नये म्हणून मी तो शहाबादी फरशीला भोकं पाडून बोल्टनं आवळला. हवेचा लोखंडी पाइपही मधल्या भिंतीला पट्ट्यांनी पक्का ठोकला. घट्ट बसवलेलं यंत्र गप्प बसतं, असं मला वाटलं होतं. त्या भिंतीच्या पलीकडं मावशीचं स्वयंपाकघर होतं.

मावशी औशाच्या पुढची. तिचं गाव भूकंपात गेलं, घरचीही माणसं गेली. लातुरातल्या ह्या घरात वरच्या मजल्यावर ती क्लासच्या मुली ठेवायची, पण स्वतः स्लॅबखाली झोपत नसे. अंगणात बाज टाकायची. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फरशीवर स्टीलचा पेला उपडा, त्यावर दुसरा उपडा पेला आणि त्यावर तांब्या, अशी उतरंड कायम असे. भूकंपानंतर आमच्या भागात पुष्कळ घरांत असं ठेवायचे. जमीन हलली की भांडी पडणार, माणसं बाहेर पळणार.

एका दुपारी मी थिनर आणायला गेलो. मेन स्विच चालूच राहिला होता. नळी कुठंतरी हवा सोडत असावी. टाकीतली हवा उतरली, यंत्र आपोआप सुरू झालं आणि त्याच्या हादऱ्यानं भिंतीपलीकडची उतरंड कोसळली.

परत आलो तर मावशी अनवाणी गल्लीत, भर उन्हात. तेव्हा वर राहणाऱ्या दोन्ही मुलींना कवटाळून धरलेलं. त्यातली शिरूर अनंतपाळची मुलगी एका पायात चप्पल घालून उभी. शेजारपाजारचेही बाहेर आलेले. मावशी एकच म्हणत होती, "आत न्हाई जायचं. कुणी आत न्हाई जायचं."

मला माझ्या यंत्राची घरघर ऐकू आली. धावत जाऊन बटण बंद केलं. बाहेर आलो तेव्हा मावशी माझ्याकडं बघत होती.

"तुझंच व्हतं व्हय रे?"

"हाव, मावशी."

शेजारच्या एकदोघांनी मला बोलून घेतलं. संध्याकाळपर्यंत मी कपडे पिशवीत भरले. तिनं काढण्याआधी आपणच निघावं. तेवढ्यात ती दारात आली.

"कुठं निघालास?"

"गावाकडं."

"मी जा म्हणले का? पण ते हादरं थांबलं पाहिजे. नव्या पोरींचे आईबाप खोली बघायला यायलेत. हलत्या घरात कोण लेकरू ठेवतंय? पोरी न्हाई आल्या तर मी खाऊ काय?"

"कसं थांबवू? मला समजून न्हाई राहिलं."

"तू तिकडं चालू कर. मी हिकडं बसते. येतंय का न्हाई ते सांगते."

मला वाटलं, ती पहिल्याच खेपेला उठून जाईल. ती उठली नाही. स्लॅबखाली, डोळे मिटून, एक हात फरशीवर, एक हात भिंतीवर.

आधी बोल्ट काढले. यंत्र फरशीवर उड्या मारत सरकलं. टाकी फुटते की काय ह्या भीतीनं मी बाहेर पळालो. वरून एक मुलगी माझ्या बोलीची नक्कल करत ओरडली, "दादा, यंत्र चालवून राहिलात का नाचवून?"

मावशी आतनंच म्हणाली, "ह्यांच्याकडं समदं करूनच राहतेत. होत काय न्हाई!" बोलणं चेष्टेचं होतं, पण आवाज बसलेला होता.

मग फरशी उचकटून खड्डा केला. त्यात वाळू, वाळूवर सिमेंटचा ठोकळा, ठोकळ्यावर ट्रकच्या टायरचे तुकडे, आणि त्यावर यंत्र नुसतं ठेवलं, आवळलं नाही. हवा ओढायच्या तोंडाला फोम भरलेला डबा लावला. घरघर पुष्कळ उतरली.

"मावशी, आता?"

"पायाखाली आता न्हाई. भिंतीत हाय."

तेव्हा तो पाइप डोक्यात आला. पट्ट्या उपटल्या, लोखंडी पाइप काढला आणि रबरी नळी भिंतीला न लागू देता वरून टांगली. पुन्हा बटण दाबलं. पलीकडून काहीच आवाज नाही. यंत्र तसंच सोडून मी आत धावलो.

मावशी भिंतीला हात लावून बसली होती. समोर पेल्यांची उतरंड पुन्हा रचलेली, वर तांब्या.

"कधीचा थांबलायस? चालू कर की," ती डोळे न उघडता म्हणाली.

"चालूच हाय, मावशी."

तिनं डोळे उघडले. तांब्याकडं बघितलं. बाहेर येऊन टायरवर हलणारं यंत्र बघितलं, परत आत जाऊन भिंतीला हात लावला. मग पदरानं तळहात पुसले. घामानं भिजले होते.

"गाव बघून यावं वाटतंय," ती एकदम म्हणाली. "जुनी जागा. कितींदा यष्टीत बसले, फाट्यावर उतरायला पाय धजत न्हाई. तशीच पुढं जाते नि परत येते."

मुली आल्या, खोली भरली, मीही राहिलो. आजही बटण दाबायच्या आधी मी वाकून टायरचे तुकडे बघतो. धास्ती काही जात नाही. मावशी अजून फाट्यावर उतरलेली नाही. ती म्हणेल त्या दिवशी मी काम बंद ठेवून तिच्यासोबत यष्टीत बसणार आहे. फाट्यावर आधी मी उतरेन, जमिनीवर पाय रोवून उभा राहीन आणि तिला हात देईन. पाय धजेपर्यंत, लागेल तितक्या खेपा.