नाटकाले उसनी दिलेली पोरगी

नाटकाले पोरगी उसनी द्यायची नसते, हे मले कोनी सांगितलंच नाई. सातवीत शाळा सुटली, पन तिथीही असं काई शिकवलं नोहोतं.

दिवाळीनंतरची गावची मंडई होती, म्हनजे आमची जत्राच. मंडईले लेकीबाळी माहेरी येतात, घर पाहुन्यानं भरते, अन् जेवनं झाली का सारे नाटकाले. माही मोठी ननंद गोंडपिपरीहून आलती. तिले लेकरू नाई. आल्यापासून माह्या चार महिन्याच्या पोरीले खाली ठेवे ना. मले कौतुकच वाटलं. मंग मी मासोळ्या तळून राह्यली होती, तं सासू हळूच म्हनते, "पोरगी बाईले, तुह्या ननंदेले, देऊन टाकू. तुले काय, तुले अजून होतीन."

मी कढईतली मासोळी पलटवली, अन् पुन्हा पलटवली. पोरीचा बाप जाळं सोडवत बसला, मान खाली.

तेवढ्यात नाटक कंपनीचा मॅनेजर दारात. "बाई, नाटकातल्या लेकराची रबरी बाहुली वडशाले हापिसातच राह्यली. एखादं लेकरू भेटन का?"

"न्या आमची नात!" सासू म्हनाली. "अजिबात रडत नाई."

विरजन द्यावं तशी दिली! अन् खरं सांगू, मले गुदगुल्याच झाल्या. काजळ लावलं, टोपडं बांधलं. माही पोरगी, अन् स्टेजवर!

बायाइच्या बाजूनं चटईवर आम्ही तिघी. इकडे सासू, तिकडे ननंद, मधात मी. परदा उघडला. नाटकातली माय गरीब, मालकिनबाई श्रीमंत, मालकिनीले लेकरू नाई. मी चटईवरून अर्धी उठली. काऊन की नाटकातली माय रडत रडत उठली, अन् माही पोरगी मालकिनीच्या वटीत टाकली. ननंदेनं पदरानं डोळे पुसले. सासू म्हनते, "बरं केलं तिनं. पोरीचं भलं झालं."

मंग काय झालं मले माहीत नाई. बायाइच्या पाठीवरून, चपलाइवरून मी धावली, अन् एकदम स्टेजवर! पोरगी हिसकली. "माही हाये! कोनाले देनार नाई! दहा झाल्या तरी हे नाई देनार!"

वरतून माईक लटकलेले. माहा आवाज तळ्याच्या पारीवर जाऊन आला.

 अन् मंग टाळ्या, शिट्ट्या! एका भाऊनं तं वर येऊन पोरीच्या टोपड्यात बक्षिसाची नोट खोचली. नाटकातली माय कानाशी म्हनते, "बाई, आता मी काय करू?" पन मालकिनबाई मोठी हुशार. दागिने वाजवत वरडली, "ने माय, तुही तूच ने!" लोकं हासून हासून लोळले.

पुढचं नाटक त्याइनं टॉवेलच्या गुंडाळीवर केलं. अन् बाया त्या टॉवेलसाठीही रडल्या.

सकाळी बोरिंगवर पानी भरताना जो तो म्हने, "काय काम केलं वो तू!" मोबाईलवर व्हिडिओ गावभर. सासूची छाती फुगलेली. चहा पिता पिता म्हनते, "एवढं कुठी शिकली? बरं, बाई आज निघते. पोरीचे कपडे बांधून ठेव."

म्हनजे कोनाले समजलंच नोहोतं!  इथी माईक नाई, टाळ्या नाई, नुसती सासू.

"आई," म्हटलं, "ते नाटक नोहोतं."

आवाज मच्छरासारखा निघाला. पन निघाला.

सासूचा कप तिथीच थांबला. ननंद माह्याकडे पाहून हासली, डोळे भरलेले. "मले रातीच समजलं, वैनी. नाटक करनारी एका पायात चप्पल घालून स्टेजवर चढते का?" अन् पोरगी माह्या मांडीवर ठेवली. "घे, भुकेली हाये."

सासू तोंडातल्या तोंडात काईतरी बोलली अन् उठून गेली. कपडे बांध, असं पुन्हा नाई म्हनली.

बसमधे चढता चढता ननंदेनं पोरीचं टोपडं मागितलं. ते मात्र मी लगेच सोडून दिलं.