भरती लागली तेव्हा

परवा मंडईतून येताना सुक्या बोंबलांचा वास आला आणि कोकणातला तो कातळकिनारा आठवला. तेव्हा आई जाऊन महिना झाला होता. बाबा घरात कुणाशी बोलत नव्हते, म्हणून मी त्यांना पहाटेच्या एसटीने एका दिवसासाठी समुद्रावर नेलं. लाटांनी खाऊन खडक जाळीदार झाले होते, कालवांच्या शिंपल्या चपलेतून टोचत होत्या. आम्ही बरेच लांब चालत गेलो. वळणापाशी कालवं काढणारी एक बाई ओरडली, "अवो, भरती लागली, मागं फिरा!" बाबा मात्र खडकावर बसले. "तू हो पुढे," म्हणाले. पाणी पावलांवर आलं. मला भीती वाटली नाही की रडू आलं नाही. मी त्यांच्याशेजारी बसले. पाणी बसल्या जागी गुडघ्यांपर्यंत चढलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "अगं, तुला पोहता येत नाही," असं म्हणून ते माझा हात धरून उठले. परतीच्या एसटीत आम्ही ओल्या कपड्यांनी बसून होतो. त्या दिवसाबद्दल पुढे कधी बोललो नाही. आता बाबाही नाहीत, आणि मी तेव्हा त्यांना उठवायला बसले होते की मलाही उठावंसं वाटत नव्हतं, हे माझं मला सांगता येत नाही.