दबून उठणारा सेट

उत्तरेकडच्या एका उंच डोंगरी पोस्टवर माझी बदली झाली तेव्हा मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये नायक या हुद्द्यावर होतो. पोस्टचं नाव सांगणार नाही, विचारूही नका. नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या ले-आउटमध्ये सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं की पोहे खाताना कोणीतरी हटकून विचारतो, रामटेके साहेब, किती उडवले? मी सांगतो, एकही नाही, मी ऐकायचो. मग विचारणाऱ्याचा चेहरा पडतो आणि तो आणखी तर्री घ्यायला निघून जातो.

ऐकायचो म्हणजे काय, ते एकदा नीट सांगतो. एका बनावटीचे रेडिओ सेट कागदावर सगळे सारखे असतात. प्रत्यक्षात नसतात. बटण दाबल्यावर, माणूस तोंड उघडायच्या आधी, प्रत्येक सेट आपलं काहीतरी करतोच. एखाद्याची फ्रिक्वेन्सी जरा वर उसळून मग जागेवर बसते. एखाद्याच्या मागे बारीक गुणगुण असते. एखादा तापला की सरकायला लागतो. हे कोणी मुद्दाम केलेलं नसतं. बनवणाऱ्याला ते नको असतं आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. तुमच्या गल्लीत एकाच कंपनीच्या दहा मोटारसायकली असल्या तरी फाटकाशी कोणाची आली ते आत भाजी चिरणाऱ्या बाईला न बघता कळतं. आमचं काम तेच होतं, फक्त डोंगरापलीकडच्या सेटांचं. पलीकडचे लोक आपली सांकेतिक नावं रोज बदलत. सेट बदलणं त्यांना परवडत नसे.

कानाला हेडफोन, समोर लॅपटॉपवर सिग्नलची रेघ, बाजूला उबेसाठी केरोसीनची बुखारी. सहा तास ड्युटी, मग झोप, मग पुन्हा ड्युटी. पलीकडचे ओळखायचे तर आधी आपले बाजूला काढता आले पाहिजेत, म्हणून पोस्टवरचा एकूण एक सेट मी रेकॉर्ड करून ठेवला होता. सरावासाठी. त्याचा दुसरा काही उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

त्यातला एक सेट गजानन कळंबेचा. गजू नरखेड तालुक्यातला, घरी संत्र्याचा बगीचा, पायदळाच्या कंपनीत रेडिओ ऑपरेटर. मी नागपूरचा. नागपूर-नरखेड म्हणजे तिकडे उंचावर सख्खे शेजारीच. अख्ख्या पोस्टवर ‘काहून बे’ म्हणायला आम्ही दोघंच होतो, त्यामुळे भांडणंही आपसातच व्हायची. मी त्याला संत्र्यावरून छळायचो आणि तो मला शहरी म्हणून हिणवायचा. त्याचा सेट बटण दाबलं की आधी खाली दबायचा आणि मग वर येऊन धरायचा. पोस्टवर दुसरा कोणताही सेट तसं करत नव्हता. मी त्याला स्क्रीनवर ती रेघ दाखवली तेव्हा गडी जाम खूश झाला. मी म्हटलं, वर्कशॉपला पाठवून नीट करून घेऊ. तो ऐकेना.

“नीटच हाय तो. आमच्या विहिरीवरची मोटर अशीच उठते गा. आधी दबते, मंग धरते. माहा सेट कोनाले देऊ नको.”

त्या दिवशी सकाळी दोन पेट्रोल निघाली, म्हणजे गस्तीच्या तुकड्या, पाच-पाच जणांच्या. पहिलं डावीकडच्या डोंगराच्या धारेवर, हवालदार ठाकूरांच्या हाताखाली. दुसरं उजवीकडच्या नाल्यात, त्यात गजू. सेट मी स्वतः नंबर बघून हातात दिले. गजूने आपला नंबर दोनदा वाचला आणि मला दात दाखवले. आभाळ तेव्हा मोकळं होतं.

साडेबारानंतर वारा सुटला. एकच्या सुमारास आधी उजवीकडून आणि पाठोपाठ डावीकडून गडगडाट आला. हिमस्खलन. आम्ही बंकरबाहेर धावलो तर पांढऱ्या धुराळ्याशिवाय काही दिसत नव्हतं. मी दोन्ही पेट्रोलना हाका मारत राहिलो. उत्तर नाही.

सव्वादोनला सिग्नल आला. नुसता सिग्नल, आवाज नाही. कोणीतरी बटण दाबून धरत होतं आणि सोडत होतं. मी म्हटलं, पहिलं पेट्रोल असेल तर दोनदा दाबा, दुसरं असेल तर तीनदा. जे आलं त्याचा माझ्या बोलण्याशी काही संबंध नव्हता. त्यांना मी ऐकू जात नव्हतो. हँडसेटमध्ये बर्फ शिरला असणार. दिशा सांगणारी आमची अँटेना वाऱ्याने आदल्याच आठवड्यात मोडली होती.

कॅप्टन साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. बचावाची टोळी एकच होती आणि एकच कुत्रा. धार आणि नाला विरुद्ध दिशांना. उजेड फार तर अडीच तास. चुकीच्या बाजूला गेलो तर परत फिरून दुसरीकडे पोचणं त्या दिवशी शक्य नव्हतं.

“कौन है?” त्यांनी विचारलं.

मी रेकॉर्डिंग लावलं. रेघ वर आली आणि सरळ उभी राहिली. पुन्हा लावलं. पुन्हा सरळ. तिसऱ्यांदा लावताना मी काय करत होतो ते मला पक्कं ठाऊक होतं. ती रेघ एकदा दबावी म्हणून मी वाट बघत होतो. आयुष्यात एवढ्या कळकळीने मी काही मागितलेलं नाही. तेवढ्यात नवा सिग्नल आला, ताजा. तोही सरळच.

“पहिलं पेट्रोल, साहेब. ठाकूर.”

“सेट बदले होंगे आपस में?”

“नाही साहेब. मीच दिले. कळंबे आपला सेट कोणाला देत नाही.”

“कळंबे दूसरे में है?”

“हो साहेब.”

गजू माझा कोण आहे ते त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टोळीला डावीकडे जाण्याचा हुकूम दिला. मी हेडफोन चढवले. दुसऱ्या पेट्रोलची फ्रिक्वेन्सी तीच होती, म्हणून टोळी चालत असतानाही मी त्या दबण्याची वाट बघत राहिलो. ते आलं असतं तरी टोळीला परत फिरवा असं मी म्हणालो असतो का? नसतो म्हणालो. पण ऐकायचं होतं.

अंधार पडायच्या आत पहिल्या पेट्रोलचे पाचही जण सापडले. ठाकूरांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. ज्या हाताने ते बटण दाबत होते तो उजवा. दुसऱ्या पेट्रोलपर्यंत आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. पाचही गेले होते. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच तडाख्यात गेले असावेत. त्या ‘असावेत’वर मी पुढची कितीतरी वर्षं झोपलो आणि जागा राहिलो. गजूचा सेट त्याच्या पाठीवर शाबूत होता. तो जमा करण्याआधी बटण दाबून बघायचं माझ्या मनात आलं. मी दाबलं नाही.

त्या पाचही जणांची नावं मला पाठ आहेत. इथे एकाचंच दिलं, कारण बाकीच्यांच्या घरी विचारलेलं नाही. गजूच्या घरी विचारलं आहे.

रिटायर झाल्यापासून दर हिवाळ्यात मी एसटीने नरखेडला जातो, तिथून पुढे कोणाच्या तरी मोटारसायकलवर त्याच्या गावाला. वडील आता नाहीत. आई बगीचा बघते. ती मला जेवायला घालते, घरी न्यायला पिशवीभर संत्री देते, आणि गजूबद्दल आम्ही फारसं बोलत नाही. यंदा मात्र जेवण झाल्यावर विहिरीपाशी तिने विचारलं. आवाज चढवला नाही.

“तुले त्याचा रेडिओ बरोबर ओळखू ये म्हनत. मंग त्या दिवशी काहून नाई ओळखू आला गा?”

मग मी सगळं सांगितलं. सिग्नल ठाकूरांचा होता, गजूचा नव्हता. मीच तसं सांगितलं आणि माझ्या सांगण्यावरून सगळे तिकडे गेले. गजूचा असता तर मी तसंच सांगितलं असतं. पण नव्हता, आई. ती आळ्यातलं गवत उपटत ऐकत राहिली. रागावेल असं वाटलं होतं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

“अन् त्याचा असता तं कसा वाजला असता?” तिने विचारलं.

मला तोंडाने करून दाखवता येईना. मी म्हटलं, “आई, मोटर लावा.”

तिने स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. दुपारची वेळ, व्होल्टेज कमी. मोटर घुमली, खाली दबली, आता बंद पडते की काय असं वाटलं, आणि मग वर चढून तिने धरलं. पाणी पाटात आलं.

“असा?”

“असाच.”

पाणी संत्र्याच्या पहिल्या झाडापर्यंत गेलं. आईने लाल बटण दाबून मोटर बंद केली. पदराला हात पुसले आणि हिरवं बटण पुन्हा दाबलं.